उद्याचे बटाटे

मेडी श्टाल्डर चाळीस वर्षं आदल्या दिवशी बटाटे उकडत आली. तिच्याविषयी एकच वाक्य लिहायला सांगितलं तर मी हे लिहीन. तिचं न झालेलं लग्न, मुखदुर्बळ भाऊ, गुडघेदुखीपायी घरात आलेली भावजय, हे सगळं त्या उकडलेल्या बटाट्यांच्या भांड्याच्या आगेमागेच घडलं.

आमची दोन घरं ओढ्याच्या अल्याड-पल्याड. मध्ये पूल म्हणून दोन ओंडके. पहाटे साडेचारला तिच्या धुराड्यातून धूर निघाला की माझी बायको मार्ता मला ढोसायची, "ऊठ, मेडी उठली." घड्याळ आमच्याकडं होतं, पण विश्वास मेडीच्या धुरावर.

स्वित्झर्लंडातल्या आमच्या एमेनटालात शेत धाकट्या पोराला जातं. थोरली बहीण असली काय, नसली काय. मेडी सतरा वर्षांची आणि ओटो चौदाचा असताना त्यांची आई गेली. त्या दिवसापासून चूल मेडीकडं आली आणि पुढं बाप गेल्यावर शेत ओटोकडं. बापानं मृत्युपत्रात एक ओळ मेडीसाठी लिहिली होती: बिनलग्नाची आहे तोवर कोपऱ्यातली खोली तिची. लग्नाचं जमलंही होतं तिचं, पलीकडच्या खोऱ्यातल्या एका खोगीरवाल्याशी. मेडी त्याला म्हणाली, आधी ओटोचं होऊ दे, घरात बाई येऊ दे, मग मी निघते. खोगीरवाला सहा वर्षं थांबला आणि मग त्यानं दुसरीशी लग्न केलं. ओटोनं त्यानंतर आणखी चोवीस वर्षं घेतली.

या चाळीस वर्षांत मेडीनं केलं काय, तर रविवार सोडून रोज सकाळी रोश्टी. रविवारी वेणीचा पाव असतो, तेवढीच तव्याला सुट्टी.

रोश्टीत काय मोठं, म्हणेल कुणी. बटाटा, चरबी, मीठ. आमच्या घरी मार्ताही करते आणि तिची वाईट असते असं मी म्हणणार नाही, मला याच घरात राहायचंय. पण मेडीची ती मेडीची. बटाटा चिवट जातीचा हवा, पिठूळ चालायचा नाही. सालासकट उकडायचा, तोही पुरता नाही. सुरी आत जाताना शेवटाला जरा अडली पाहिजे. मग भांडं तळघराच्या पायऱ्यांवर, गार अंधारात, रात्रभर. ही रात्रच महत्त्वाची. गरम बटाटा किसला की लगदा होतो. रात्रभर गारठलेला किसणीतून लांब, सुटा, दोऱ्यासारखा पडतो. सकाळी साल काढायची, मोठ्या भोकांच्या किसणीवर एकाच दिशेनं किसायचा, मागंपुढं घासायचा नाही. बिडाच्या तव्यात लोणी आणि डुकराची चरबी निम्मी-निम्मी. चरबी चरचरत बोलायला लागली की धुरावलेल्या मांसाचे बारके तुकडे, मग कीस, वर मीठ. पहिली पाच मिनिटं उलथण्यानं खालचं वर, वरचं खाली. मग कडेनं आत सारत, दाबत त्याची जाड चकती करायची, कडेनं दोन चमचे दूध सोडायचं, झाकण घालायचं, जाळ कमी करायचा, आणि हात मागं बांधून उभं राहायचं. चांगली पंधरा-वीस मिनिटं. मेडी म्हणायची, "रोश्टी बटाट्यापायी बिघडत न्हाई. हात शिवशिवणाऱ्या बायकांपायी बिघडते." शेवटी तव्यावर ताट पालथं घालून एका झटक्यात उलटी करायची, आणि घसरवत परत तव्यात, दुसऱ्या बाजूला रंग यायला.

मग तवा तसाच टेबलावर. प्रत्येकाचा चमचा आणि प्रत्येकाची बाजू. कडेपासून मधापर्यंत आपापलं खात जायचं, चमचा दूधकॉफीत बुडवत. दुसऱ्याच्या बाजूला चमचा गेला तर आमच्याकडं आठ-आठ दिवस बोलणं बंद होतं.

ओटोचं बोलणं तसंही बंदच. त्याच्याकडं एक शब्द होता, "चालतंय." गाय व्याली, चालतंय. गारांनी फळबाग झोडपली, चालतंय. बाप गेला तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, अंत्यविधी गुरुवारी ठेवू या. ओटो म्हणाला, चालतंय. सकाळी रोश्टीचं आपलं खणून झालं की चमचा पँटला पुसायचा, "चालतंय" म्हणायचा आणि गोठ्याकडं चालू लागायचा.

या एका शब्दावर मेडी जगली. तिनं त्याचे प्रकार पाडले होते. ओढा ओलांडून यायची आणि मार्ताला सांगायची, "आज चालतंय म्हणाला, पर सूर ऐकायला पायजे हुतास! मांस जरा जास्त पडलं हुतं, म्हणून वरच्या सुरात म्हणाला."

ती गेली की मार्ता कपाळाला हात लावायची. "वरच्या सुरात म्हणं! त्याला शिंक आली आसंल."

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात ओटोचा गुडघा धरला. डॉक्टरनं त्याला तीन आठवडे आरगाऊला धाडलं, तिकडच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत बसायला. गुडघा होता तसाच परत आला, सोबत इर्माची बातमी आली. ही इर्मा विधवा, शेचाळीसची, बुटांच्या कारखान्यात काम केलेली, आणि दोघांचं बोलणं एकटी बोलणारी. झऱ्यात तिच्या शेजारी बसून ओटो तीन आठवडे चालतंय-चालतंय करत राहिला असणार, आणि तिनं त्यातलंच एक लग्नाला धरलं. नव्या वर्षाला लग्न झालं. मी साक्षीदार होतो. पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा "हो" म्हणाला तो. चर्चमधली निम्मी माणसं त्या शब्दासाठी श्वास रोखून बसली होती.

इर्मा वाईट बाई नव्हती. हे मेडीला सोपं पडलं असतं, वाईट असती तर. इर्मा मदत करायची. सारखी मदत करायची. मेडीनं चमचा उचलला की म्हणायची, "अहो, तुम्ही बसा ना आता. चाळीस वर्षं केलंत, बास झालं की."

"बसून काय करू? आंडी घालू?"

दुसऱ्याच आठवड्यात इर्मानं कच्चे बटाटे किसले. सकाळी मेडी गोठ्यातून दुधाच्या बादल्या घेऊन आत येते तर तव्यात ओला कीस चरचरतोय.

"हे काय हाय?"

"रोश्टी. आमच्याकडे कच्च्याचीच करतात. आदल्या दिवशी उकडा, ठेवा, काढा, कशाला एवढा कुटाणा? कशी कुरकुरीत होते बघा."

"तुमच्याकडं कच्चं खात आसतील. हिकडं माणसं ऱ्हात्यात."

इर्मा हसली. तिला वाटलं गंमत आहे. ओटो आला, बसला, आपल्या बाजूनं मधापर्यंत गेला, चमचा पुसला आणि म्हणाला, "चालतंय."

तासाभरात मेडी आमच्या दारात. बूट काढायचं भान नाही, शेणासकट आत. "म्हणाला चालतंय. पर सूर पाडून म्हणाला गं मार्ता. पाडून!"

"मेडी," मार्ता म्हणाली, "तू त्यालाच का न्हाई इचारत सरळ?"

"काय इचारू? माझी बरी का तिची बरी, आसं? सोळा वर्षांची पोर हाय का मी?"

फेब्रुवारीत पत्र आलं. खाली खोऱ्यात, गावच्या वृद्धाश्रमातली स्वयंपाकीण थकली होती आणि तिथला कारभार बघणाऱ्या बाईंनी मेडीला विचारलं होतं. स्वयंपाकघरावरची खोली, पगार, रविवारी दुपारनंतर मोकळीक. सोमवारपर्यंत काय ते कळवा. मेडीनं ते पत्र भिंतीवरच्या घड्याळामागं खोचलं आणि चार दिवस घड्याळाकडं बघणं सोडलं. शेवटी मार्ताकडं येऊन बसली. मी कोपऱ्यात बुटांना मेण लावत होतो.

"मला जायचं न्हाई, मार्ता," ती म्हणाली. "त्या घरातली फरशीची फट अन् फट मला ठावं हाय. खोली हाय माझी, कागदावर हाय. पर ऱ्हायले तर कोण म्हणून ऱ्हाऊ? दोन बायका एका चुलीपाशी, एक उलथतीय, दुसरी बघतीय. त्यानं एकदा तोंड उघडून म्हणावं, मेडी, थांब, तू हवीस. बास. मग मी त्या आरगाऊवालीला शिकवीन बी. हाताला धरून शिकवीन."

"आन् न्हाई म्हणाला तर?"

"शनवारी ओटोला लाकडं तोडायला जायचंय. सकाळी चांगली तवाभर रोश्टी घालते पुढ्यात. पोट भरलं की इचारते. भरल्या पोटी माणूस खरं बोलतो."

जाताना तिनं माझ्याकडं वळून बघितलं. "आन् तू, कानात मेण घातलंयस आसं समज."

शुक्रवारी दुपारी तिनं पंचवीसेक बटाटे उकडले. एकेक निवडून, सगळे एका मापाचे, सुरीची टोचणी देऊन. भांडं तळघराच्या पायऱ्यांवर ठेवलं, वर फडकं झाकलं आणि ती पाद्रीबाबांच्या घरी बायकांच्या शिवणमंडळाला गेली.

आता माझा भाग येतो, आणि तो सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. मी त्या संध्याकाळी ओटोकडं होतो. दोघांनी ओढायच्या लांब करवतीला उद्यासाठी धार लावून ठेवत होतो. सहा वाजता दूध काढून झालं, आत आलो, तर इर्मा तळघरातून ते भांडं छातीशी धरून वर आली, खुशीत.

"बघा, मेडींनी बटाटे उकडून ठेवलेत! जाताना एक शब्द बोलल्या नाहीत. वरून काटेरी आहेत हो, आतून गोड."

आमच्या मुलखात संध्याकाळी सालासकट उकडलेल्या बटाट्यांचं भांडं दिसलं की एकच गोष्ट होते: कुणीतरी उठतं आणि चीज काढतं. लहान पोरालाही सांगावं लागत नाही. इर्मानं चीजचं अर्धं चाक टेबलावर ठेवलं, लोणी, कांदा, व्हिनेगरमधल्या काकड्या. आम्ही बसलो. सोलायचे, चिरायचे, वर लोणी, वर चीज. थंडीत करवत घासून आलेली भूक. खोटं कशाला सांगू, मी सात खाल्ले. सातवा सोलता सोलता मला काहीतरी टोचलं.

"ओटो, हे उद्याचं न्हवं ना?"

ओटोनं बटाट्यावर लोणी फासलं. "काय म्हाईत. चालतंय."

ओटोनं नऊ खाल्ले. नऊ! ज्या माणसानं चाळीस वर्षं रोज सकाळी रोश्टी खाल्ली, त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही की ही सकाळी तव्यात येते ती रात्री कुठं असते. उरलेल्यांतले काही इर्मानं खाल्ले, दोन-तीन फुटलेले कोंबड्यांना घातले. आणि भांडं घासून, पुसून, मांडणीवर पालथं ठेवलं. मदत म्हणून.

मेडी आठच्या सुमाराला आली ती गार वाऱ्यानं दुखणारं डोकं घेऊन. थेट खोलीत जाऊन निजली.

सकाळचं मला तिनं आणि इर्मानं वेगवेगळं सांगितलं, पण दोन्ही जुळतं. साडेचारला मेडी दिवा घेऊन तळघराच्या पायऱ्यांवर गेली. फडकं होतं, घडी घातलेलं. भांडं नव्हतं. वर येऊन बघते तर ते मांडणीवर, आरशासारखं लखलखीत. तेवढ्यात इर्मा शाल गुंडाळून खाली आली.

"बटाटं कुठायत?"

"ते? खाल्ले की आम्ही काल. फार छान होते, नेमके शिजलेले. बरं झालं तुम्ही करून ठेवलेत."

"आगं, ते उद्याचं हुतं!"

"उद्याचे म्हणजे?"

"म्हंजी आजचं!"

इर्माला उमगायला क्षण लागला, मग तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. "अरे देवा. मला काय माहीत! थांबा, मी कच्चे किसते, अर्ध्या तासात होईल."

"माझ्या तव्यात कच्चा बटाटा पडायचा न्हाई."

"मग ओटोनं का सांगितलं नाही? तो होता की बसलेला."

मेडीनं दिवा खाली ठेवला. "ओटो हुता?"

"नऊ खाल्ले त्यानं."

मेडीनं दिवा पुन्हा उचलला. तळघरात गेली, टोपलीभर बटाटे घेऊन वर आली आणि जाळ घातला.

मी साडेसहाला पोचलो. अंगणातल्या बर्फात वीस-पंचवीस बटाटे ओळीनं मांडलेले, सालासकट, आणि प्रत्येकातून वाफ निघतेय. मेडी त्यांच्यापुढं उकिडवी बसून एकेकाला बर्फात फिरवत होती. मला काही विचारावं लागलं नाही.

"मेडी," मी म्हणालो, "मला वाटलं..."

"किती?"

"आं?"

"तू किती खाल्लंस?"

"सात."

"आत जा. पाय पूस."

बर्फ असो की झऱ्याचं पाणी, बाहेरून गार करता येतो बटाटा, आतून नाही. रात्र ती रात्रच. तिलाही ठाऊक होतं. किसणीवर घातला तसा तो भोकांत बसला, लगदा होऊन बोटांना चिकटला. तिनं तोच तव्यात घातला, चरबी सगळी पिऊन बसला. दाबला, झाकला, हात मागं बांधून उभी राहिली. उलटताना निम्मी ताटाला आणि निम्मी तव्याला. वरून करडी, कुठं करपलेली, मध्ये चकाकणारी. तिनं तो तवा आणून टेबलाच्या मध्ये ठेवला. आम्ही तिघं बसलो. ती बसली नाही. ओटोच्या समोर, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

मी चमचा घातला तर तो उभाच राहिला. खाल्ली. दातांना चिकटली, टाळ्याला चिकटली. कॉफीचा घोट घेऊन ढकलली. इर्मानं एक घास घेतला आणि खाली बघितलं. ओटो खात होता. रोजच्यासारखा, कडेपासून, न थांबता. चमचा कॉफीत, चमचा तव्यात, चमचा तोंडात. मधापर्यंत पोचला. चमचा पँटला पुसला.

"चालतंय," तो म्हणाला.

"कशी झालीया?" मेडीनं विचारलं.

ओटोनं वर बघितलं. तिनं चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"नेहमीसारखी."

"नेहमीसारखी?"

"व्हय की."

मेडीचा आवाज चढला नाही, उलट बसला. "ही खळ हाय, ओटो. ह्यानं भिंतीला कागद चिकटंल. ह्याला तू नेहमीसारखी म्हणतोस? मग नेहमी मी काय घालत हुते तुला? चाळीस वरसं? पहाटं साडेचारला उठून?"

"आगं, पोट भरलं की."

"पोट गाईचं बी भरतं!"

ओटो उठायला लागला. मेडीनं घड्याळामागचं पत्र काढलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं, तेलकट टेबलावरच.

"बस. हे वाच. न्हाई, मीच सांगते. खालच्या वृद्धाश्रमात मला बोलावलंय. स्वैपाकाला. सोमवारी हो का न्हाई ते सांगायचंय. जाऊ का ऱ्हाऊ?"

ओटोनं पत्राकडं बघितलं, मग खिडकीकडं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी मनात म्हणत होतो, बोल, गड्या, बोल. दोन शब्द. मी पाहिजे तर टेबलाखालून लाथ घालतो.

"तुला वाटंल तसं," ओटो म्हणाला.

इर्मानं चमचा आपटला. "ओटो! अरे, त्या तुला विचारतायत! तोंड उघड की!"

"मी काय बोलू? तिचं तिनं ठरवायचं. मी कशाला आडवा येऊ? मी तिला कधी आडवलं न्हाई."

"न्हाई आडवलंस," मेडी म्हणाली. "कधीच न्हाई. एकदा तरी आडवायचंस रे."

तिनं कंबरेचा एप्रन सोडला, घडी केली, खुर्चीवर ठेवला आणि खोलीत गेली. इर्मा नवऱ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हिशोब लागल्यासारखं काहीतरी आलं.

"आणि माझी कशी होती? कच्च्याची?"

ओटो दारातून टोपी घेत म्हणाला, "ती बी नेहमीसारखी."

आम्ही रानात गेलो. गुडघाभर बर्फ. करवतीची एक मूठ त्याच्या हातात, एक माझ्या. ओढ, सोड, ओढ, सोड. एक झाड पडलं, दुसरं पडलं. मला इतका राग आला होता की मी नको तेवढ्या जोरानं ओढत होतो आणि पातं सारखं अडकत होतं. तिसऱ्या झाडाच्या अर्ध्यात ओटो थांबला. हातमोज्यानं नाक पुसलं.

"आज चिकट झाली हुती," तो म्हणाला.

मी मूठ सोडली. "काय?"

"रोश्टी. चिकट. चरबी बी आत मुरली नव्हती. तिच्या हातनं आसं कधी हुत न्हाई."

"आरं, मग बोलला का न्हाईस?"

"तिला वाईट वाटलं आसतं."

त्याच्याकडं बघून मला कळेना, याला मिठी मारावी की बर्फात पुरावं. त्याला चव होती! सगळी कळत होती, चरबी मुरली की नाही इथवर. मी म्हणालो, "ओटो, घरी जा. आत्ता जा आन् हे तिला सांग. ह्या झाडाचं मी बघतो."

"आता जेवणाच्या वक्ताला जाणारच हाय की."

जेवणाच्या वेळेला तो गेला. बटाट्याचं सूप होतं, इर्माच्या हातचं. चालतंय म्हणाला.

रविवारी चर्च सुटल्यावर मीच मेडीला गाठलं. मार्तानं मला पाठीत गुद्दा घालून पाठवलं होतं. मी सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. चिकट, चरबी, कधी होत नाही, वाईट वाटलं असतं. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग हातातलं स्तोत्रांचं पुस्तक या काखेतून त्या काखेत घेतलं.

"म्हंजी त्याला कळत हुतं."

"सगळं कळत हुतं, मेडी."

"बिघडली ते सांगितलं तर मला वाईट वाटंल, म्हणून बोलला न्हाई."

"व्हय."

"मग चाळीस वरसं चांगली हुती, तेव्हा काय वाटलं आसतं मला?"

सोमवारी सकाळी दुधाच्या गाडीवाल्याशेजारी बसून ती खाली खोऱ्यात गेली. एक पेटी, एक छत्री. ओटोनं पेटी गाडीवर चढवली, दोरी दोनदा बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मला वाटलं, आता. गाडीवान घोडागाडीच्या जमान्यातला, धीराचा माणूस. तोही इंजिन चालू ठेवून थांबला. ओटो म्हणाला, "घट हाय." दोरीला म्हणाला.

इर्मा पुढं आदल्या दिवशी बटाटे उकडायला शिकली, मार्ताकडून. तिची आता चांगली होते, खरंच. एकदा तिनं मुद्दाम मीठच घातलं नाही, बघू तरी काय म्हणतो. ओटो एक घास खाऊन उठला, फडताळातून मिठाचं भांडं आणलं, सगळ्यांच्या बाजूला सारखं भुरभुरवलं आणि खात राहिला. इर्मानं ते मार्ताला सांगितलं तेव्हा ती हसत होती, मग हसता हसता दुसरंच काहीतरी करायला लागली आणि मार्तानं दार लावून घेतलं.

मेडीला भेटायला आम्ही थेट एप्रिलच्या शेवटाला गेलो. पस्तीस माणसांचं स्वयंपाकघर, बैलगाडीच्या चाकाएवढे तीन तवे. आम्ही बसलो होतो तोच जेवणघराच्या खिडकीवर कुणीतरी चमचा बडवला. रस्त्यावर खडी टाकायचं काम जन्मभर केलेला किप्फर म्हातारा, कान मोठे, दात परके.

"मेडे! आज चरबीला हात आखडलास!"

मेडी खिडकीतून अर्धी बाहेर. "आधी ती कवळी नीट बसव, मग चव सांग!"

"कवळी काल बी हीच हुती! काल बरी लागली, आज न्हाई!"

"उद्या तुला गवत घालते!"

"घाल! पर मीठ बघून घाल!"

ती परत आमच्याकडं आली तेव्हा लालबुंद झाली होती, कपाळावर घाम. खुर्ची ओढून धपकन बसली. "बघितलंस मार्ता? रोज हाय हे. रोज! सोमवारी मीठ जास्त, मंगळवारी कड करपली, बुधवारी किसणी बोथट झालीया म्हणाला. जीव नकोसा केलाय मेल्यानं. किसणी बोथट! हा कोण लागून गेला मला किसणी शिकवणारा?"

"मग सांग की तिथल्या बाईंना," मार्ता म्हणाली. "दुसऱ्या टेबलाला बसवतील त्याला, लांब."

मेडी उठली, ओट्याकडं गेली. उद्याच्या बटाट्यांना सुरी टोचून बघितली, एक बाजूला काढला. मग मार्ताकडं वाकली आणि खिडकीपलीकडं ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "मंगळवारची खरंच करपली हुती गं."